पंच्याण्णव लिटर

बोर्ड घरी आणलं त्या दिवशी तात्यांनी पहिला प्रश्न विचारला, "केवढ्याला?" मी म्हणालो, "बारा हजार." खरा आकडा अडतीस होता.

आधीच्या डिसेंबरात त्यांनी माझ्याकडे तीस हजार मागितले होते. उन्हाळी टोमॅटोसाठी मल्चिंग पेपर आणि ठिबकच्या नळ्या घ्यायच्या होत्या. मी पुण्यात नोकरी करतो, पगार बरा आहे. पण तेव्हा म्हणालो, यंदा हात जरा आखडलाय. त्यांनी कृषी केंद्रातून उधारीवर माल उचलला आणि विषय पुन्हा काढला नाही. एप्रिलमध्ये मी आठ दिवसांची सुट्टी टाकून गोव्याला विंडसर्फिंग शिकायला गेलो.

संगमनेरच्या पोराला हे वेड कुठून लागलं, असं मित्र विचारतात. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये ईबाद अलीने विंडसर्फिंगचं ब्राँझ जिंकलं, तेव्हा मी मोबाईलवर ती बातमी वाचत होतो. तो भोपाळच्या सेलिंग स्कूलमध्ये तयार झालेला. भोपाळला समुद्र नाही, तलाव आहे. तलाव आमच्याकडेही आहे की! प्रवरेवर वर भंडारदऱ्याला १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण आहे आणि त्याच्यामागे पसरलेलं आर्थर लेक. तिथे कोण मला शीड लावू देणार, परवानगी कुणाची लागते, यातलं काहीच मी तेव्हा बघितलं नव्हतं. वेड आधी लागतं, चौकशी नंतर होते.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फळीवर उभं राहायचं आणि हातात शीड धरायचं. शिडाची काठी फळीत घट्ट रोवलेली नसते. तिच्या तळाशी एक लवचीक सांधा असतो, तो चारी बाजूंना वाकतो. सुकाणू नसतंच. शीड पुढे झुकवलं की बोर्डाचं तोंड वाऱ्यापासून लांब जातं, मागे झुकवलं की वाऱ्याकडे येतं. सगळा खेळ त्या सांध्याचा. त्याच्या पेटंटवरून मोठं कोर्टप्रकरण झालं होतं. कॅलिफोर्नियातल्या दोघांनी १९६८ मध्ये पेटंटसाठी अर्ज केलेला. पण पुढे ब्रिटिश कोर्टात ते टिकलं नाही, कारण पीटर चिल्व्हर्स नावाच्या पोराने १९५८ मध्येच, बाराव्या वर्षी, हेलिंग आयलंडवर असलं काहीतरी जोडून चालवलं होतं. मला हा किस्सा फार आवडतो. पैसे नसलेल्या पोराचा आहे म्हणून असेल.

तर, सामान. विंडसर्फिंगचं बोर्ड लिटरमध्ये मोजतात. एक लिटर आकारमान गोड्या पाण्यात साधारण एक किलो वजन तोलून धरतं, आर्किमिडीजचाच हिशोब. नवशिक्याला आपल्या वजनाच्या दुपटीच्या आसपास लिटर लागतात, म्हणजे उभं राहून, शीड पाण्यातून ओढून, पडून, पुन्हा चढून शिकता येतं. तरबेज माणूस वजनाइतक्या किंवा त्याहून कमी लिटरवर चालतो. वेग आल्यावर बोर्ड तरंगत नाही, पाण्यावरून घसरतं. नदीत चपटा दगड फेकून आपण भाकऱ्या काढतो, तसंच. पण दगड थांबला की बुडतो.

माझं वजन ८२ किलो. गोव्यात आठही दिवस शिकलो ते २०० लिटरच्या बोर्डवर. रंग उडालेला, वर मऊ रबर, पोटात वरखाली होणारी सुरी, रुंदी दारात अडकेल इतकी. कात्या आणि डेन कुएल्हो ही गोव्याची भावंडं भारतासाठी विंडसर्फिंग करतात, त्यांचे व्हिडिओ बघून गेलेल्या माणसाला हे बोर्ड म्हणजे पोहायच्या तलावातला डबा वाटतो. शेवटच्या दिवशी दोन सेकंडहँड बोर्ड विकायला होती. एक तसलंच मोठं, दुसरं ९५ लिटरचं, निमुळतं, नारिंगी. विकणाऱ्याने सरळ सांगितलं, "हे तुला दोन वर्षं तरी नको." मी म्हणालो, "मोठं मला नेता येणार नाही."

हे खोटं नव्हतं. आणि तिथेच अडचण आहे. विमानात सामान पंधरा किलो, त्यात पावणेतीन मीटरची वस्तू काउंटरवर ठेवली तर पुढच्या रांगेचे शिव्याशाप. रेल्वेचं पार्सल म्हणजे अर्धा दिवस. राहिली स्लीपर बस. तिच्या डिकीत २ मीटर ४० चं बोर्ड तिरपं मावतं, हे मी टेप घेऊन मोजून आलो होतो. मोठं मावत नव्हतं. म्हणजे पाण्यावर काय चालेल हे बसच्या डिकीने ठरवलं, आणि डिकीने माझ्या मनासारखं ठरवलं म्हणून मी तिचं ऐकलं. शिडाची ४ मीटर ३० ची काठी दोन तुकड्यांत सुटते, ती टपावर गेली. साडेपाच चौरस मीटरचं शीड गुंडाळून माझ्या बर्थवर, माझ्याच शेजारी झोपलं.

एक गोष्ट मात्र मी नीट केली. बोर्डला छोटा व्हेंट स्क्रू असतो, आतला फोम हवेने फुगतो-आकसतो म्हणून. घाट चढायच्या आधी तो सैल करायचा आणि पाण्यात उतरण्याआधी न विसरता आवळायचा. हे मी केलं. बाकी सगळं चुकलं. सकाळी पुण्यात उतरवताना बोर्डाचं नाक बसच्या पायरीवर आपटलं, बोटभर चीर गेली. मी त्यावर चिकटपट्टी लावली.

तात्या त्या पहाटे गुलटेकडीला टोमॅटो उतरवून रिकामे कॅरेट घेऊन परत निघाले होते. पिकअपमध्ये कॅरेटच्या थप्पीवर बोर्ड ठेवलं. मी दोरीला गाठी मारल्या. त्यांनी एक शब्द न बोलता त्या सोडल्या आणि नव्याने बांधलं. खाली गोणपाट, कडेला घासेल तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा, दोरी आवळली पण करकचून नाही. वर ताडपत्री. चाकण, मंचर, नारायणगाव, आळेफाटा. चंदनापुरीच्या घाटात मी तीनदा मागे वळून पाहिलं. ते म्हणाले, "हलणार न्हाई. फुटणारा माल पण मीच भरतो की." मग बराच वेळाने, "आज एकशेदहा गेला." वीस किलोचं कॅरेट, एकशेदहा रुपये. तोडणी, भाडं, हमाली, आडत वजा जाता काय उरतं ते मला विचारायला नको होतं.

"केवढ्याला" ते घरी पोचल्यावर झालं.

दुसऱ्या दिवशी मी बोर्ड शेततळ्यात उतरवलं. शेततळ्याशी खेळू नका, हे लहानपणापासून ऐकलंय. आत प्लॅस्टिक कागद, शेवाळलेला, निसरडा. चांगला पोहणारासुद्धा वर चढू शकत नाही, आणि दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावात कोणीतरी जातं. तात्यांनी माझ्या कमरेला नाडा बांधला, दुसरं टोक पिकअपच्या हुकाला. लाइफ जॅकेट होतंच. फिन काढून ठेवायला लावलं, कागद फाटेल म्हणून. आणि उतरण्याआधी, का कोण जाणे, बोर्ड वजनकाट्यावर ठेवलं. ७ किलो ९००.

वारा नव्हताच, तळ्याच्या भरावाआड कुठून येणार. फक्त उभं राहून बघायचं होतं. मी ८२, बोर्ड आठ, शीड-काठी-बूम मिळून आठ. ९८ किलो आणि ९५ लिटर. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात दोन-अडीच किलो जास्त तोललं गेलं असतं, गोड्या पाण्यात तेवढीही सवलत नाही. (भंडारदरा तर साडेसातशे मीटर उंचीवर. तिथे हवाही विरळ, म्हणजे तेवढ्याच वाऱ्यात शीड थोडं कमी ओढणार. हे गणित मी नंतर केलं.) उभा राहिलो. बोर्ड सावकाश, अगदी सभ्यपणे खाली गेलं. पाणी घोट्याला, मग पोटरीला. शीड ओढायला वाकलो आणि आडवा झालो. असं नऊ वेळा.

तात्या भरावावर उकिडवे बसून बघत होते. हसले नाहीत. मला बाहेर ओढलं, बोर्ड पुसलं आणि पुन्हा काट्यावर ठेवलं. ८ किलो ६५०.

"पाणी पितंय हे," म्हणाले. नाकावरची चिकटपट्टी नखाने उचकटली. "हे कधी झालं?"

"बसमध्ये."

"मंग झाकलं कशाला?"

मी गप्प.

"तुझ्या वजनाचं न्हाई हे. विकून टाक. बाराला घेतलंय, दहाला जाईल."

आता दोनच वाटा होत्या. दहा म्हणायचं आणि उरलेलं आयुष्यभर गिळायचं, किंवा सांगायचं. मी सांगितलं. अडतीस. तळ्याच्या कागदावर ऊन चमकत होतं, कमरेला अजून नाडा होता.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते आकाशाकडे बघून हिशोब करत होते. मला कळलं कसला. "साडेतीनशे कॅरेट," म्हणाले. मग माझ्या कमरेची गाठ सोडली, नाडा कोपर-पंजावर गुंडाळला आणि गाडीत टाकला. डिसेंबरचं काहीच बोलले नाहीत. ते बोलले नाहीत हे आईलाही कळलं असावं, कारण त्या रात्री तिने तीन वेळा विचारलं, काय झालंय.

दोन दिवसांनी नाक दुरुस्त करायला ते स्वतःच निघाले. गाड्यांच्या फायबरची कामं करणारा एक ओळखीचा होता. मी धावत मागे गेलो, कारण तिथे वापरतात ते साधं पॉलिएस्टर रेझिन आतल्या थर्माकोलसारख्या फोमला विरघळवतं. इपॉक्सीच लागतं. हे ऐकून ते थांबले. "एवढं कळतं तुला याच्यातलं," म्हणाले. टोमणा होता की कौतुक, मला अजून ठरवता आलेलं नाही. बोर्ड आठवडाभर गोठ्याच्या सावलीत नाक खाली करून निथळत ठेवलं, रोज काट्यावर घेतलं. ७ किलो ९५० ला थांबलं, तेव्हा इपॉक्सी भरली. शेजारपाजारचे विचारत, हे काय, दार का?

मे महिन्यात बोर्ड परत गोव्याला गेलं. घेणारा ५८ किलोचा पोरगा, त्याला ते बरोबर होतं. चीर दाखवली, काट्यावरचे सगळे आकडे सांगितले, सत्तावीस हजार मिळाले. ते मी तिथूनच तात्यांच्या खात्यावर पाठवले. तीन हजार अजून बाकी आहेत, आणि बाकीचंही बरंच. त्यांनी घेतले, पोचले म्हणून सांगितलं, एवढंच.

आता मी बोर्ड नेत नाही. पाठीवरच्या बॅगेत हार्नेस, बूट आणि लायक्रा, म्हणजे जे अंगाला बसावं लागतं तेवढंच. बाकी सगळं तिथे भाड्याने मिळतं, २०० लिटरचा डबासुद्धा. दिवाळीनंतर पुन्हा जायचं ठरलं तेव्हा घरी फोन केला.

"कितीचं घेणार या टायमाला?" तात्यांनी विचारलं.

"भाड्यानं. एकशेऐंशी लिटर."

"तुझं वजन?"

"ब्याऐंशीच."

थोडा वेळ गेला. "कापडासकट का बिगर कापडाचं?"

"बिगर कापडाचं."

"मंग कापडं धर की," म्हणाले, आणि आईकडे फोन दिला.