कांजिण्या आणि एक जुनी रीत

गतवर्षी चैत्रात अकोल्याहून अमरावतीस आलेल्या आमच्या ५ वर्षांच्या नातवास कांजिण्या निघाल्या. ‘अंगास पाणी लावू नये’ ही घरची रीत. बालपणी ती आम्हीही सोसली आणि खाजवून पडलेले वण अद्याप कपाळी वागवीत आहोत. डॉक्टरांनी मात्र रोज कोमट पाण्याने स्नान, अंग हलके टिपणे, नखे कापणे व कॅलामाइनचा लेप सांगितला; अ‍ॅस्पिरिन निक्षून वर्ज्य केले. धाकट्या सूनबाई गर्भवती, त्यांस पूर्वी कांजिण्या झालेल्या नव्हत्या. म्हणून त्यांस निराळे ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांस दाखविले. कारण पुरळ दिसण्यापूर्वी १-२ दिवस संसर्ग सुरू होतो व सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत टळत नाही. त्या यथाकाल सुखरूप प्रसूत झाल्या. नातूही चौथ्या रात्री आमच्या मांडीवर शांत निजला. रीत मोडल्याचा खेद आम्हांस मुळीच नाही. ती इतकी वर्षे न तपासल्याचा मात्र आहे.