चला, आपल्या जिल्ह्यातील टेकड्या चढू या

डोंगर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे चिखलदरा नाही तर पचमढी उभी राहते. तिथे जायचे म्हणजे गाडीभाडे, मुक्कामाचा खर्च आणि दोन-तीन दिवसांची रजा. रोजीवर जाणाऱ्या माणसाला हे कसे परवडावे? मग आपल्या मुलांनी डोंगर पाहायचा तो पुस्तकातील चित्रातच. परंतु आपल्या वर्धा जिल्ह्यात लहान लहान टेकड्या पुष्कळ आहेत. एका दिवसाची सुट्टी, एस.टी.चे तिकीट आणि घरची शिदोरी एवढ्यावर त्या चढून येता येतात.

आर्वी, कारंजा आणि सेलू तालुक्यांकडे सातपुड्याचे फाटे उतरले आहेत. हिंगणघाट-समुद्रपूरकडे कपाशीची काळी, सपाट जमीन, आणि तिच्यात मधूनच एखादी टेकडी. या टेकड्या उंच नाहीत. बहुतेकांचे माथे सपाट आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त लाव्हारस बाहेर आला आणि थरावर थर साचत गेला. त्याचाच हा काळा दगड. ऊन-पावसाने तो झिजला, त्याची माती झाली आणि तीच माती आपल्या शेतांत कापूस-तूर पिकवते. टेकडीवर मात्र मुरूम आणि गोटेच उरले. पाऊस पडतो तो बहुतेक जून ते सप्टेंबरात, आणि पाणी उतारावरून वाहून जाते. म्हणून होळीपर्यंत टेकडी वाळवंटासारखी कोरडी होते. साग, सालई, धावडा पाने टाकून उघडे उभे असतात. फुललेला असतो तो फक्त पळस.

पहिल्यांदा चढायचे तर समुद्रपूर तालुक्यातील गिरडची टेकडी घ्यावी. वर्ध्याहून ती सुमारे ६० किलोमीटर आहे. माथ्यावर शेख फरीद यांच्या नावाचा दर्गा आहे आणि हिंदू-मुसलमान दोघेही तेथे येतात. शेख फरीद हे तेराव्या शतकातील सुफी संत. त्यांची समाधी आजच्या पाकिस्तानातील पाकपट्टणला आहे. गिरडच्या टेकडीवर त्यांनी काही काळ साधना केली, अशी लोकांची श्रद्धा आहे.

या टेकडीवर गोल गोल दगड सापडतात. काही सुपारीएवढे, काही त्याहून मोठे. त्यांची गोष्ट गावात सांगतात. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी फकिराची थट्टा केली, तेव्हा त्यांचे नारळ आणि सारा माल दगड झाला. मग ते पाया पडले आणि फकिराने वाळलेल्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला. पुढे ते दोघे त्यांच्याच सेवेत राहिले.

गेल्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतील काही कुटुंबे मिळून गिरडला गेलो होतो. सातवीतल्या एका मुलीने असा गोटा हातात घेऊन विचारले, "मावशी, नारळाचा दगड होते का खरंच?" मावशी म्हणाल्या, "गोष्ट ऐकून घे बाई, अन् मग शाळेत सरांना विचार." हे उत्तर मला फार आवडले. त्या दगडाचे कारण असे की लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने त्या पोकळ्यांत खनिजे साचवली. काळा दगड झिजला आणि आतले गोळे बाहेर पडले. या खनिजांना झिओलाइट म्हणतात. गोष्ट गर्व करू नये हे सांगते, शास्त्र दगड कसा झाला हे सांगते. मुलांना दोन्ही सांगावे, पण कोणते काय आहे हेही सांगावे.

लहान टेकडीला कमी समजू नये. १८०२ साली विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने मद्रासला जमीन मोजायचे प्रचंड काम सुरू केले. एका टेकडीवरून दुसरी टेकडी दिसली पाहिजे, दोहोंवरून तिसरी दिसली पाहिजे, असे त्रिकोण जोडत ही मोजणी उत्तरेकडे सरकत गेली. त्यासाठी फार उंच शिखर लागत नव्हते. मोकळा माथा आणि दूरवर दिसणारी नजर पुरे होती. हैद्राबादहून नागपूरकडे जात असताना जानेवारी १८२३ मध्ये लॅम्बटन आपल्या हिंगणघाटला वारले. त्यांची कबर हिंगणघाटातच आहे. त्यांचे काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी पुढे नेले. याच मोजणीच्या आधारे १८५६ साली जगातील सर्वांत उंच शिखराची उंची २९,००२ फूट जाहीर झाली. त्या हिशेबात राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाचा मोठा वाटा होता. १८६५ साली शिखराला नाव मात्र एव्हरेस्ट यांचे मिळाले.

या मोजणीचे मोठे यंत्र सुमारे अर्धा टन वजनाचे होते. ते टेकड्यांवर चढवले खलाशांनी आणि मजुरांनी. झाडे तोडली, निशाणे धरून उन्हात उभे राहिले तेही हेच लोक. जंगलातील तापाने त्यांतले कितीतरी मेले. साहेबांची नावे पुस्तकांत आहेत, ओझे वाहणाऱ्यांची नाहीत. आपली मुले टेकडीवर उभी राहतील तेव्हा त्यांना हेही सांगावे.

आता जाण्यापूर्वीच्या काही गोष्टी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. वर्ध्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि काळा दगड हवेपेक्षाही जास्त तापतो. उन्हाळ्यात जाऊच नये. थंडीतही सकाळी लवकर चढून ऊन चढण्याआधी उतरावे. माणशी दोन लिटर पाणी घ्यावे, माथ्यावर पाणी मिळेल या भरवशावर राहू नये. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून बाटली भरून ठेवावी. कोणाला चक्कर आली, घाम येऊनही अंग गळाले, तर सावलीत बसवून घोट घोट द्यावे. घाम थांबून अंग तापले किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर वेळ न दवडता दवाखाना गाठावा.

चढण्यापेक्षा उतरणे अवघड असते. मुरमावर चप्पल घसरते, म्हणून बूट घालावेत आणि तिरपे, लहान पावलांनी उतरावे. आग्या मोहोळ दिसले तर धूर करू नये, आरडाओरडा करू नये. वाळलेल्या पानांत विडीचे थोटूक टाकू नये. एवढ्याने सबंध टेकडी जळते.

सगळ्याच टेकड्यांवर पायी जाता येत नाही. बोरचे जंगल १९७० साली अभयारण्य आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झाले. तेथे वनविभागाच्या नियमानेच जावे. इतर ठिकाणीही गावकऱ्यांना किंवा वनरक्षकाला विचारून मगच पाऊल टाकावे. वाघ हद्दीची पाटी वाचून चालत नाही. वर्धा-नागपूर रस्त्यावरील केळझरची टेकडी, शहरातील हनुमान टेकडी या सोप्या आहेत. म्हातारी माणसेही जाऊ शकतात.

शेवटी एक काळजीची गोष्ट. रस्त्यांना आणि बांधकामांना मुरूम लागतो आणि तो टेकड्या पोखरून काढला जातो. टेकडीवर पडलेले काही पाणी जमिनीत मुरते, ते पायथ्याच्या विहिरींना मिळते. शेळ्यांचा चारा, सरपण, तेंदूपत्ता, मोहफूल हेही तिथूनच येते. टेकडी गेली की पहिली झळ पायथ्याच्या गरिबाला बसते. जी टेकडी आपण कधी चढलोच नाही, ती गेली तरी आपल्याला कळत नाही. म्हणून येत्या सुट्टीत घरातील आयाबायांना आणि मुलांना घेऊन निघा. आपल्या गावाजवळच्या टेकडीचे नाव, वाट आणि झाडे मुलांना ठाऊक असू द्या. उद्या तिच्यासाठी ग्रामसभेत कोणाला बोलावे लागले, तर ती पाहिलेला माणूसच ठामपणे बोलू शकेल.