गव्हाण

नाताळाच्या गोष्टीत मला ओळखीचा असा एकच शब्द सापडला होता. गव्हाण. बाळ जन्मलं नि गव्हाणीत निजवलं, असं मराठी बायबलात आहे. शहरातल्या माणसाला तो शब्द पुस्तकी वाटत असेल. आमची ती रोजची. कड बैलांच्या मानेनं घासून गुळगुळीत झालेली, तळाला लाळेनं ओले कडब्याचे बुडखे. थंडीत जनावराच्या श्वासाची ऊब तिथं लागते. बाळ निजवायला जागा वाईट नाही. पण देव?

हे मी मास्तरांना विचारलं. मास्तर नगरकडचे, ख्रिस्ती. आमच्या शाळेवर होते, रिटायर झाल्यावर इथंच घोडनदीकाठी घर बांधलं. टाळ घेऊन ना. वा. टिळकांची भजनं म्हणायला लागले की आमचे वारकरीसुद्धा माना डोलवायचे. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, पण ओवी-अभंग काही सुटला नाही. 'ख्रिस्तायन' अपुरं ठेवून 1919 ला गेले, ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. गोव्याकडं तर फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्यानं 1616 सालीच 'ख्रिस्तपुराण' ओव्यांत छापलेलं. म्हणजे हे बाळ मराठीत येऊन चारशे वर्षं झाली.

मी म्हणालो, "मास्तर, यात नवल काय? आळ्याला रेड्याची समाधी आहे, तिथं आम्ही डोकं टेकतो. जनीसंगं विठोबा दळायला बसला."

"बसला. पण दळण झाल्यावर उठून देवळात गेला ना, दादा? या बाळाला उठता येत नव्हतं. आईनं पाजलं नसतं तर मेलं असतं. देहधारण म्हणतात ते हेच. भूक, थंडी, मरण, सगळं अंगावर घेतलं."

कृष्णालाही व्याधाचा बाण लागला होता, हे मी ऐकवलं. मास्तर हसले. "बरं. पण तुमचा दहादा येतो, आमचा एकदाच आला. एवढा तरी फरक राहू द्या."

अशा गप्पा आमच्या पुष्कळ वर्षं चालल्या. मग एका नोव्हेंबरात त्यांचा मुलगा पुणे-नाशिक रस्त्यावर मोटरसायकलवरून गेला. सव्वीस वर्षांचा. त्या साली चांदणी लागणार नाही असं सगळ्यांनी धरलेलं. चोवीस तारखेला संध्याकाळी ती दारात लागली. गावात कुजबुज झाली. मला तर रागच आला. गेलो.

"मास्तर, तुमचा देव खाली आला म्हणता. पोरगा गेला तेव्हा तो कुठं होता?"

ते मला अंगणात घेऊन आले. नाल्यापलीकडं माझं रान. त्यात पारनेरकडच्या धनगरांची मेंढरं बसवलेली. वाघर लावलेली, शेकोटी विझत आलेली, शेजारी तान्हं पोर घेऊन नवराबायको घोंगडीत. आमच्या जुन्नर-आंबेगावात ऊस वाढला तसा बिबट्या वाढला. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र काढावं लागलं, यावरून समजा.

"यांना बिबट्याचं भय नाही का?" मास्तरांनी विचारलं.

"आहे की."

"मग गावात येऊन का झोपत नाहीत?"

"मेंढरं कोण राखणार?"

"हे झोपले म्हणून बिबट्या येत नाही का?"

"येतो की. परवाच एक मेंढरू नेलं."

मास्तर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माझा देव तिकडं झोपलाय, दादा. वाघरीजवळ. पोरगा त्यानं वाचवला नाही. पण गावात जाऊन दार लावून झोपला नाही तो."

माझ्या गळ्यात माळ आहे, ती आहेच. पोटचा पोर गेलेल्या बापाला एवढं पुरतं का, हे मी विचारलं नाही. मास्तरीणबाईंनी चहा आणला. फराळाचं त्या साली काही केलेलं नव्हतं.

रात्री धनगरांची कुत्री दोनदा भुंकली. दोन्ही वेळा मास्तर बॅटरी घेऊन नाल्यापर्यंत आले होते, असं धनगरीण सकाळी सांगत होती.