नाव आणि आवाज

माणसाला दोन नावे असणे आपल्या मालवण-वेंगुर्ल्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबांना नवे नाही. एक नाव बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत असते, दुसरे वाड्यावर हाक मारण्यासाठी. दोन्ही खरी असतात आणि दोन्हींना माणूस 'ओ' देतो. सरकारी नभोवाणीचेही अनेक वर्षे तसेच होते. मराठी-हिंदीत ती आकाशवाणी, इंग्रजीत ऑल इंडिया रेडिओ. मे २०२३ मध्ये आदेश निघाला, की यापुढे इंग्रजी प्रसारणातही 'आकाशवाणी' हेच नाव उच्चारावे. संसदेने १९९० साली केलेल्या प्रसार भारती कायद्यात तेच नाव असल्यामुळे आदेश कायद्याला धरूनच होता. तामिळनाडूतून विरोध झाला, कारण तिकडे रेडिओला 'वानोली' हा त्यांचा स्वतःचा शब्द आहे. आपल्याकडे मात्र फारसे कोणी काही बोलले नाही. आपण पूर्वीपासून आकाशवाणीच ऐकत आलो होतो.

आमच्या घरात या दोन नावांची जणू वाटणी झालेली होती. वडील बोटीवर नोकरीला होते. वर्षातले नऊ-दहा महिने त्यांचे समुद्रावरच जात. घरी आजी आणि आई ऐकत ती आकाशवाणी. वडिलांना दूरच्या बंदरात, लघुलहरींच्या खरखरीतून ऐकू येई ते 'ऑल इंडिया रेडिओ'. हे शब्द कानी पडले, की आपण अजून घराच्या हाकेच्या टप्प्यात आहोत असे वाटे, असे ते रजेवर आल्यावर सांगत.

आजीला 'आकाशवाणी' हा शब्द एका पेटीला लावलेला फारसा रुचत नसे. शेजाऱ्यांच्या कथेत कंसाला सावध करणारी ती आकाशवाणी, आणि आमच्या शुभवर्तमानात यार्देनच्या काठी प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशातून झाली ती वाणी. बाजारभाव सांगणाऱ्या यंत्राने तसले नाव घ्यावे, ही तिला धिटाई वाटे. तरीही सायंकाळची जपमाळ संपली, की "आकाशवाणी लाव रे" असे सांगणारी तीच असे.

ही दोन्ही नावे जवळजवळ एकाच वेळी जन्मली. म्हैसूरचे मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये आपल्या राहत्या घरी एक लहानसे केंद्र उभारले आणि त्या केंद्राचे नाव आकाशवाणी पडले. पुढल्याच वर्षी, जून १९३६ मध्ये, 'इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस' हे लांबलचक नाव जाऊन तेथे ऑल इंडिया रेडिओ आले. त्या वेळचे प्रमुख लायोनेल फिल्डन यांनी लिहून ठेवले आहे, की आपण व्हाइसरॉयसाहेबांशी असे बोललो, की हे नाव त्यांच्याच तोंडून निघाले आणि ते आपणच शोधून काढले असे त्यांना वाटले. म्हैसूरचा शब्द देशाने स्वीकारला तो स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात.

आमच्या किनाऱ्याच्या दक्षिणेस याहून मोठे नामांतर घडले. गोव्यात पोर्तुगीज सरकारचे 'एमिसोरा द गोवा' हे केंद्र होते. त्याला उत्तर देण्यासाठी नोव्हेंबर १९५५ मध्ये एक भूमिगत केंद्र सुरू झाले, आणि त्याचा आरंभ आपल्याच आंबोलीच्या रानातून झाला. पुढे ते कॅसलरॉकच्या जंगलात गेले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे त्याचे प्रमुख आधार. कोंकणीत आणि पोर्तुगीजमध्ये ते गोव्याच्या स्वातंत्र्याचा आवाज म्हणून बोलत राहिले. डिसेंबर १९६१ मध्ये एमिसोरा मूक झाली आणि लवकरच पणजीहून भारताची नभोवाणी बोलू लागली. रानातल्या त्या केंद्राला ना पाटी होती, ना पत्ता. ऐकणाऱ्यांनी त्याला ओळखले ते आवाजावरून, आणि त्या आवाजाने सांगितलेल्या सत्यावरून. लिबियाबाईंना २०२५ साली, वयाच्या शंभरीत, पद्मश्री जाहीर झाली.

म्हणून मला वाटते, नाव बदलल्याचा हर्ष किंवा खेद बेतानेच करावा. ज्या २०२३ च्या मे महिन्यात नावाचा आदेश निघाला, त्याच्याच पुढल्या महिन्यात आकाशवाणी पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय बाहेर आला. श्रोत्यांनी आणि पत्रकारांनी आवाज उठवला, तेव्हा त्याला स्थगिती मिळाली. नाव बदलते ते सर्वांना ऐकू येते. आवाज कमी होतो तो मात्र ऐकू येत नाही. एखादा कार्यक्रम आटोपता घेतला जातो, एखाद्या निवेदकाची जागा रिकामी राहते, गावचे बोलणे जाऊन दूरच्या शहराचे बोलणे सहक्षेपित होऊ लागते.

१९७७ साली रत्नागिरी केंद्र सुरू झाले, तेव्हा कोकणच्या माणसाला आपले उच्चार, आपली भजने, आपल्या भातशेतीच्या आणि मासळीच्या गोष्टी रेडिओवर ऐकू येऊ लागल्या. वादळाची सूचना दिल्लीच्या शुद्ध भाषेत येणे वेगळे, आणि देवगड-मालवणचे नाव घेऊन येणे वेगळे. दुसऱ्याची होडी विकत घेतली, की आमचे मच्छिमार तिच्यावर आपल्या आवडत्या संताचे नाव रंगवतात. पण त्याआधी फळ्यांच्या सांधी तपासून घेतात. नावाने होडी पाण्यावर तरत नाही, हे त्यांना ठाऊक असते.

वडील आज हयात नाहीत. त्यांच्या कानांत साठलेले ते इंग्रजी नाव त्यांच्याबरोबरच गेले, आणि त्याचा मला थोडा विषाद आहे. परदेशी दर्यावर त्या नावाने त्यांना घर दिले होते. आजीला खटकलेले नाव मात्र आज देशभर एकटे उरले आहे, आणि ते फार मोठे नाव आहे. आकाशातली वाणी म्हणवून घ्यायचे, तर खरे बोलावे लागते आणि लहानातल्या लहान खेड्यापर्यंत पोहोचावे लागते. ती तशी बोलते की नाही, हे पाहण्याचे काम ऐकणाऱ्यांचे आहे. पूर्वी आपल्या घरांतून केंद्राला पत्रे जात. आवडले तर तसे लिहीत, आणि एखादा कार्यक्रम बंद पडला तर का बंद पडला असे विचारीत. ती रीत पुन्हा सुरू करायला एक पोस्टकार्डही पुरे.