किल्ली कोणाकडे?

बँकेच्या जाहिरातीत विश्वास असतो. तिजोरीला मात्र दोन किल्ल्या असतात. एक कॅशियरकडे, दुसरी ऑफिसरकडे. दोघे एकमेकांच्या मुलांच्या मुंजीत जेवून आलेले असोत, तिजोरी एकट्याला उघडत नाही.

संगणकही याच वळणावर गेला. नोंद मी करायची, मंजूर साहेबांनी. माझीच नोंद मीच मंजूर करू गेलो, की पडदा म्हणतो, ‘अधिकार नाही’. वीस वर्षांच्या नोकरीची काही भीडभाड!

यामागे शास्त्र आहे, बरं का. १९७५ साली सॉल्ट्झर आणि श्रोडर या अमेरिकन पंडितांनी लिहिले, की ज्याला त्याला कामापुरतेच अधिकार द्यावेत. आणि महत्त्वाचे कुलूप दोन किल्ल्यांचे असावे. दाखला कशाचा दिला? बँकेच्या लॉकरचा! १९९२ साली फेराइओलो आणि कून यांनी भूमिकांची पद्धत नीट मांडली: अधिकार माणसाला नव्हे, खुर्चीला. बदली झाली की किल्ल्या खुर्चीपाशीच राहतात.

आमच्या सौ.ने यातले काहीही वाचलेले नाही. तरी घरात मला दूध आणण्याचा अधिकार आहे आणि साखरेचा डबा नुसता पाहण्याचा. मंजुरी तिची.

पूर्वी याचा राग यायचा. आता कळते, की हिशेबात रक्कम कमी पडली, तर संशय आधी हात पोचणाऱ्यावर येतो. जिथे माझा हात पोचतच नाही, तिथे माझ्याकडे बोट कोण दाखवणार? साहेबांचा अधिकार त्यांची प्रतिष्ठा वाढवतो. कारकुनाची अब्रू मात्र त्याला न दिलेल्या अधिकारांवरच टिकते.