बर्फावरचा बांध



मुडबीत राहणाऱ्या धर्मगुरूने बर्फाविषयी लिहावे, हे पाहून आपल्यापैकी कित्येकांना हसू येईल. आमच्या या बसवकल्याण तालुक्यात बर्फ पाहावयाचा तो उसाच्या रसाच्या गाड्यावर, आणि तोही वैशाखाच्या उन्हात. तथापि अलीकडे आपल्या भागातील तरुण मंडळीही हिवाळ्यात काश्मीर, मनाली, औली या बाजूंस सहलीला जाऊ लागली आहेत. तेथे पायांत फळ्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याचा खेळ ती मोठ्या हौसेने खेळतात. अशाच तीन तरुणांसमवेत एका फेब्रुवारीत गुलमर्गला जाण्याचा योग मला आला. त्या प्रवासात माझ्या हातून जी चूक घडली, ती आपल्यापुढे मांडावी म्हणून हे लिहीत आहे.

निघण्याच्या दिवशी तिघांपैकी एकाची आई बसथांब्यावर आली होती. मुलगा ट्रॅक्टर चालवणारा, अंगापिंडाने दणकट. ती म्हणाली, “फादर, पोरगा धाडसी आहे, ऐकत नाही कोणाचं. तुमच्या हाती देते.” मी हसून “काळजी करू नका,” असे म्हटले. हे तीन शब्द उच्चारणे किती सोपे असते!

कलबुर्गीहून आगगाडीने दिल्ली, आणि तेथून पुढे श्रीनगर गाठले. श्रीनगरहून गुलमर्ग सुमारे ५० किलोमीटर. टंगमर्गच्या पुढे चढण लागते आणि हिवाळ्यात मोटारीच्या चाकांना साखळ्या बांधाव्या लागतात. देवदारांच्या रांगा मागे पडल्या आणि एकाएकी पांढरेशुभ्र पठार समोर आले, तेव्हा आम्ही चौघेही काही क्षण बोललो नाही. गुलमर्ग म्हणजे फुलांचे कुरण. उन्हाळ्यात येथे हिरवळ असते, ओढे वाहतात, गुरे-मेंढरे चरतात. हिवाळ्यात हे सर्व कित्येक फूट बर्फाखाली जाते. ही गोष्ट मला तेव्हा केवळ सुंदर वाटली. तिचा दुसरा अर्थ पुढे कळला.

हे स्थळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंच आहे. १९४८ साली भारतीय सैन्याने येथे बर्फावर घसरण्याची शाळा काढली. आज तेथे उंच पर्वतावरील युद्धाचे शिक्षण दिले जाते. तारेवरून चालणाऱ्या पाळण्यांचा पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि दुसरा २००५ मध्ये सुरू झाला. दुसऱ्या टप्प्याचे पाळणे अफरवट पर्वतावर जवळजवळ ४,००० मीटर उंचीपर्यंत नेतात. तेथून खाली घसरत येण्यासाठी देशोदेशीचे निष्णात लोक येतात. नवख्यांची जागा मात्र खाली, सौम्य उतारावर.

आमचा शिक्षक तेथलाच, पन्नाशीचा काश्मिरी गृहस्थ होता. आमची बिदरकडची दख्खनी आणि त्याची उर्दू यांचे चांगले जुळले. त्याने पहिला धडा दिला तो पडण्याचा. तोल गेला तर पुढे हात टेकू नये, बाजूला कुशीवर पडावे. स्कीच्या दोन फळ्यांवर असणाऱ्याचा गुडघा दुखावतो. स्नोबोर्डच्या एकाच फळीला दोन्ही पाय जखडलेले असतात, म्हणून त्यावरून पडणारा हात टेकतो आणि मनगट मोडून घेतो. दुसरा धडा थांबण्याचा. फळ्यांची पुढची टोके जवळ आणि मागची दूर फाकवली की वेग आवरतो. “ज्याला थांबता येत नाही, त्याने निघू नये,” असे तो म्हणे. फळीची खीळ माणसाच्या वजनाप्रमाणे व कौशल्याप्रमाणे लावलेली असते, जेणेकरून पडताना बूट सुटावा. म्हणून फळ्या भाड्याने घेताना वजन चोरू नये, हेही त्याने बजावले. डोक्यावर शिरस्त्राण आणि डोळ्यांवर काळा चष्मा हवाच, कारण ताजा बर्फ उन्हाचे तेज उलट फेकतो व डोळे पोळून निघतात. सुती कपडा अंगाशी नको. तो घामाने भिजतो आणि गारठा धरतो. लोकर हवी.

तिसरी गोष्ट म्हणजे दोरी. आमच्या उताराच्या कडेने खांब रोवून एक दोरी बांधली होती. “हिच्यापलीकडे जायचे नाही,” एवढेच तो म्हणाला. कारण सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

तिसरा दिवस शुक्रवार होता. दुपारी तो नमाजाला गेला. आमचा ट्रॅक्टरवाला एव्हाना चांगला सरावला होता. दोरीपलीकडे दोन झाडांमध्ये अस्पर्श बर्फ पडला होता. “फादर, जरासंच जातो. इथून तिथवर.” मी क्षणभर थांबलो. त्याची प्रगती पाहून मलाही अभिमान वाटत होता, आणि ‘नाही’ म्हणून त्याचा आनंद मोडणे जिवावर आले. मी मान डोलावली.

तो पन्नास पावलेही गेला नसेल. तुडवलेल्या बर्फाप्रमाणे तो बर्फ घट्ट नव्हता. एक फळी आत रुतली, अंग पुढे गेले आणि गुडघा पिळला. त्याची किंकाळी ऐकून आम्ही धावलो, तर आम्हीच मांडीपर्यंत खचू लागलो. इतक्यात शिक्षक परतला. त्याने प्रथम दोन फळ्या फुलीसारख्या उभ्या रोवल्या, म्हणजे वरून येणाऱ्यांना येथे जखमी आहे हे कळावे. मग मुलाला उठू न देता उबदार झाकले, मदत बोलावली आणि घसरगाडीवरून खाली नेले. गुडघ्याचा स्नायुबंध फाटला होता.

संध्याकाळी त्याने मला पुन्हा तेथे नेले आणि काठीने दाखवले. मुलगा पडला होता त्याच्यापुढे दोन हातांवर काठी टोचताच ती मुठीपर्यंत आत गेली. खालून पाण्याचा आवाज येत होता. तो उन्हाळ्यातला ओढा! वर बर्फाचे पातळ छत, खाली पोकळी. तो म्हणाला, “फादरसाहेब, ही दोरी भिणाऱ्याने बांधलेली नाही. ज्याने ही जमीन उन्हाळ्यात पाहिली आहे, त्याने बांधली आहे.”

वाचकहो, शेताचा बांध काय असतो हे आपणास सांगणे नको. बांध घालणाऱ्याला पाण्याची वाट ठाऊक असते. बर्फावरची दोरीही तशीच आहे. मोटारींच्या शर्यतींत सात वेळा जगज्जेता ठरलेला मायकेल शूमाकर डिसेंबर २०१३ मध्ये फ्रान्समधील मेरिबेल येथे आखलेल्या दोन वाटांच्या मधल्या मोकळ्या बर्फात गेला आणि पडून त्याचे डोके खडकावर आपटले. शिरस्त्राण असूनही मेंदूला गंभीर इजा झाली. गुलमर्गच्या वरच्या उतारांवर १ फेब्रुवारी २०२३ रोजी हिमस्खलनात दोन पोलिश, आणि २२ फेब्रुवारी २०२४ रोजी एक रशियन स्कीपटू मरण पावला. ही मंडळी नवखी नव्हती. नवा जड बर्फ पडल्यानंतरचे एक-दोन दिवस तीव्र उतारावर फार धोक्याचे असतात. आणि गाडला गेलेला मनुष्य पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला नाही, तर आशा झपाट्याने मावळते. म्हणून तेथील पहारेकरी वाट बंद म्हणतील, त्या दिवशी ती बंदच समजावी.

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने खेळाडूंसाठी दहा नियम घातले आहेत. त्यांतील एक मला फार आवडला: मागून येणाऱ्याने आपली वाट अशी निवडावी की पुढच्याला धोका होऊ नये. पुढच्याला मागे डोळे नसतात. म्हणून जबाबदारी मागच्याची. अपघात दिसला तर थांबून साहाय्य करणे प्रत्येकाचे कर्तव्य, हाही त्या नियमांपैकीच एक. आल्प्स पर्वतातील ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत हेच कर्तव्य मठवासी धर्मगुरूंनी अकराव्या शतकापासून पाळले. त्या आश्रमाचे संस्थापक संत बर्नार्ड यांना पोप अकरावे पायस यांनी १९२३ साली गिर्यारोहकांचे आश्रयदाते घोषित केले. पोप स्वतः तरुणपणी कसलेले गिर्यारोहक होते.

घरी परतल्यावर मी प्रथम त्या माउलीकडे गेलो. ‘पोराने ऐकले नाही’ असे सांगणे सोपे होते, आणि तिने ते मानलेही असते. परंतु पोराने ऐकले होते. त्याने मला विचारले होते, आणि होकार मी दिला होता. तसे मी तिला सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग चहा ठेवायला उठता उठता म्हणाली, “फादर, पुढच्या वेळी नाही म्हणा.”

तो हंगामभर त्यांचा ट्रॅक्टर शेजारच्याने चालवला. मुलगा आता नीट चालतो, आणि पुन्हा गुलमर्गला जाण्याचे बेत करतो. जावे त्याने. खेळ सुंदर आहे, बर्फही सुंदर आहे. ज्या आईवडिलांची मुले यंदा तिकडे निघाली आहेत, त्यांनी एवढेच बजावून पाठवावे: शिक्षक घ्या, थांबणे आधी शिका, आणि दोरी दिसली की अलीकडेच राहा. आणि ज्या वडीलधाऱ्यांच्या हाती मुले सोपवली आहेत, त्यांनी माझ्यासारखी मान डोलावू नये.