बोक्याचे पथ्य

मांजर डोळे मिटून दूध पिते, ही म्हण वर्गात समजावून सांगण्यात माझी वीस वर्षे गेली. एवढ्या काळात या म्हणीतल्या दुधाविषयी मला कधी शंका आली नाही आणि माझ्या विद्यार्थ्यांनाही आली नाही. मांजर म्हटले की दूध, हे आपल्या भाषेने इतके पक्के करून टाकले आहे की, प्रत्यक्ष मांजराला विचारून पाहावे असे कुणाच्या मनातच येत नाही. आमच्या मन्याने मात्र वयाच्या दहाव्या वर्षी आम्हांला ते विचारायला लावले.

मन्या म्हणजे आमचा बोका. पिवळा, पट्ट्यापट्ट्यांचा आणि चांगला सात किलो वजनाचा. येणारे-जाणारे म्हणत, "काय गुटगुटीत आहे हो!" आणि माझी आई कृतार्थ होई, कारण ती गुटी तिची होती. सकाळी दूध-पोळी, दुपारी दहीभात, रात्री बाजारातले कोरडे दाणे, आणि सणासुदीला आमच्या ताटात जे असेल ते.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात मन्या न्हाणीघरातल्या बादलीत तोंड घालून पाणी पिऊ लागला. खाणे वाढले आणि अंग मात्र उतरू लागले. मग एके दिवशी तो मागचे पाय टाचांपर्यंत टेकून, जुन्या वहाणा फरफटत चालणाऱ्या पेन्शनरासारखा चालताना दिसला. आई त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "अरे, याला माझं दुखणं झालंय."

आईला पंधरा वर्षे मधुमेह आहे. तिचे निदान बरोबर निघाले. दवाखान्यात साखर निघाली ३९८. मांजर भेदरले तरी रक्तातली साखर चढते, म्हणून डॉक्टरीणबाईंनी गेल्या एकदोन आठवड्यांचा अंदाज देणारी फ्रुक्टोसामाइनची तपासणीही केली. तिनेही तेच सांगितले.

"हा खातो काय?" त्यांनी विचारले. आईने अभिमानाने यादी सांगितली. ती संपेपर्यंत डॉक्टरीणबाई गप्प होत्या. मग त्यांनी जे सांगितले ते ऐकून मला माझ्या वीस वर्षांची थोडी लाज वाटली. मांजर हा अस्सल मांसाहारी प्राणी. उंदरात पिठूळ अंश असा असतोच किती? पोळी-भाताची साखर झटपट आवरण्याची सोय त्याच्या यकृतात फारशी नाही. ते तर मांसापासूनच सतत साखर बनवत असते. मोठेपणी बहुतेक मांजरांना दूधही नीट पचत नाही. आणि ते बाजारातले कोरडे दाणे? ते दाण्यांच्या आकारात टिकायचे तर त्यांत पिष्ट घालावेच लागते.

"पण डॉक्टर, पेढा बघितला की तो धावतो हो," आई म्हणाली.

"पेढ्यासाठी नाही, आजी. त्यातल्या स्निग्धासाठी. मांजराला गोड चव कळतच नाही."

मी घरी येऊन शोधले, तर ते खरे होते. गोडी ओळखणारे एक जनुक मांजराच्या जातीत निकामी होऊन पडले आहे. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी २००५ साली ते दाखवून दिले, आणि वाघ-चित्त्यांचीही तीच गत असल्याचे त्यांना आढळले. म्हणजे दहा वर्षे आम्ही ज्याचे गोड कौतुक करत होतो, त्याच्या जिभेपर्यंत ते कधी पोचलेच नव्हते!

आता उपाय दोन. दर बारा तासांनी इन्सुलिन, आणि पिष्ट जवळजवळ नसलेले ओले मांसान्न. नुसती उकडलेली कोंबडी पुरत नाही. तिच्यात कॅल्शियम नसते आणि टॉरिनही पुरेसे मिळत नाही, म्हणून मांजरासाठी पुरे करून बनवलेले डबे. आमचे घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. आईने रात्रभर विचार केला आणि सकाळी एक जुनी बशी, एक चमचा आणि गॅलरीचा एक कोपरा मन्याच्या नावे करून दिला. "डबा तिथे फुटेल," ती म्हणाली, आणि नाकाला पदर लावून तो पहिल्यांदा तिनेच फोडला.

डॉक्टरीणबाईंनी बजावले होते की, अन्न आठदहा दिवसांत हळूहळू बदला, रोज साखर मोजून मला कळवा, पिष्ट कमी होईल तसे इन्सुलिनही कमी करावे लागेल. उपाशी तर मुळीच ठेवू नका. लठ्ठ मांजर उपाशी राहिले की यकृतावर चरबी चढते. मी हे सारे वहीत सुवाच्य अक्षरात उतरून घेतले. पण मन्या त्या डब्यावर असा तुटून पडला की, तिसऱ्याच दिवशी मी पोळी, भात, दाणे सारे बंद करून टाकले. इन्सुलिन मात्र होते तेवढेच टोचले. शुभस्य शीघ्रम्!

रात्री दीड वाजता आईने मला हलवून उठवले. मन्या भिंतीला धरून चालत होता, मान डुगडुगत होती. कानाच्या कडेला टोचून थेंब यंत्रावर घेतला. आकडा होता ३८. फोनवरून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिरड्यांना मध चोळा, लगेच!" माझे हात कापत होते. आईने मधाच्या बाटलीत बोट बुडवले आणि मन्याचे ओठ वर करून चोळू लागली. ज्याची चव त्याला जन्मात कळणार नव्हती, त्या गोडाने तो तासाभरात मान सरळ करून बसला. उजाडताच आम्ही त्याला दवाखान्यात नेले.

परतताना मी म्हणालो, "आई, चूक माझी झाली."

"तुझी एका दिवसाची," ती म्हणाली. "माझी दहा वर्षांची आहे."

एकट्या पोळीचा हा दोष नव्हे, वय, नसबंदी, बसून वाढलेले वजन अशी कारणे अनेक आहेत, असे डॉक्टरीणबाईंनी तिला परोपरीने सांगितले. तिला ते पटले असे वाटत नाही. पण त्या दिवसापासून मोजमापाची वही तिने माझ्याकडून काढून घेतली. मन्याची वेळ साधायची म्हणून ती स्वतःही घड्याळाप्रमाणे जेवू लागली. इन्सुलिन दोन युनिटांवरून एकावर आले, मग अर्ध्यावर, आणि चौथ्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी ते थांबवले. निदान लवकर झाले आणि पथ्य सांभाळले, तर काही मांजरांचे असे होते. "पण आजी, रोग झोपलाय, गेलेला नाही," त्या म्हणाल्या. "पोळीचा वास आला की जागा होईल." मन्या आता टाचा उचलून चालतो.

परवा आई फराळाला बसली होती. बेसनाचे लाडू वळताना मन्या नेहमीप्रमाणे तुपाच्या वासाने परातीपाशी येऊन बसला. पूर्वी ती त्याला 'गोडघाशा' म्हणे. आता तिने कोपराने त्याला दूर सारले आणि म्हणाली, "याचं पथ्य सोपं आहे बाबा. याला गोड कळतच नाही. मला कळतं ना!"

मग तिने एक लाडू मोडला. अर्धा डब्यात ठेवला आणि अर्धा तोंडात टाकला. मोठा अर्धा कुठे गेला, ते मी पाहिले नाही. डोळे मिटून घेण्याचा हक्क काही एकट्या मांजराचा नाही.